बाळाची झोप आणि सोन्याची फुलं

बाळाच्या झोपेला शिस्त हवीच. पण त्या शिस्तीपायी सगळं घरच दाराआड बसलं तर? भिलाईतल्या एका मराठी कुटुंबानं या पेचातून शोधलेली वाट.

संध्याकाळचे साडेसात वाजले की सुपेल्यातल्या त्या घरात सगळे कुजबुजत बोलू लागत. टीव्हीचा आवाज बंद व्हायचा, चित्रं तेवढी हलत राहायची. दाराच्या बेलची वायर काढलेली असायची. कुकरच्या शिट्ट्या सातच्या आत उरकलेल्या असायच्या. बाहेर जीई रोडवर ट्रक हॉर्न वाजवत जायचे, त्यांना कोण सांगणार? पण घरातल्या माणसांना मात्र सुनेनं बजावून ठेवलं होतं, ‘‘साडेसातनंतर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. बाळाची झोपायची वेळ आहे.’’

फ्रीजवर एक तक्ता चिकटवलेला होता. शाळेत शिकवणाऱ्या बाईचं अक्षर, त्यामुळे तक्ता अगदी नेटका. साडेसहाला उठणं. नऊला पहिली झोप. दीड वाजता दुसरी. सव्वासातला कोमट पाण्यानं अंग पुसणं, मग दूध, अंगाई, दिवा बंद. खाली लाल पेनानं ओढलेली रेघ आणि त्याखाली तीन शब्द : ‘वेळ चुकवू नये.’

हे घर मराठी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबं नांदत आली आहेत आणि भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा विदर्भातून आणखी माणसं आली. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. या घरातले सासरे त्यानंतर वीसेक वर्षांनी कारखान्यात लागले. नोकरीभर टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि निवृत्तीच्या बेतानं त्यांनी सुपेल्यात स्वतःचं घर बांधलं. मुलगा दुर्गच्या एका बँकेत. सून अकोल्याची, बाळासाठी वर्षभर बिनपगारी रजेवर.

तक्ता आला कसा?

बाळ चैत्रात झालं, अकोल्याला, तिच्या माहेरी. आषाढात ती तीन महिन्यांचं बाळ घेऊन सुपेल्याला आली आणि तिची झोप उडाली ती उडालीच. बाळ दहा मिनिटं झोपायचं, अर्धा तास रडायचं. रात्री बारा-बारापर्यंत खांद्यावर घेऊन फिरावं लागायचं. पाळण्यात ठेवलं की डोळे टक्क उघडे! दिवसभर येणारे-जाणारे होतेच. कुणी बाळाचे गाल ओढी, कुणी झोपलेल्या बाळाला ‘बघू बघू’ करत उठवी. एकदा ती न्हाणीघरात नळ सोडून रडत बसलेली सासूबाईंना दिसली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बाळाला दोन तास मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

मग तिनं वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि तक्ता केला. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा दोन-अडीच आठवड्यांत फरक दिसू लागला. बाळ रात्री आठला झोपायचं, एकदा दुधासाठी उठायचं आणि पुन्हा झोपायचं. तिला स्वतःला सलग चार तास झोप मिळू लागली. तक्त्यामुळे ती पुन्हा माणसांत आली, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच तक्त्याविरुद्ध कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

घर आकसत गेलं

पण हळूहळू घराचं फिरणं बंद झालं. गणपतीत शेजारच्या आरतीला जाणं नाही, कारण आरती आठला. रविवारी सुपेल्याचा बाजार भरतो. सासूबाई वर्षानुवर्षं तिथं भाजी घ्यायला जात आणि चार ओळखीच्या बायकांशी बोलून येत. आता मुलगा घरी असेल तरच त्या जात, कारण बाळ झोपलेलं असताना सुनेला एकटीला दाराकडे धावावं लागू नये. दुर्गला नणंद राहते, जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर. भाऊबीजेला तिलाच इकडे बोलावलं, तीही दुपारी साडेतीननंतर.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सासऱ्यांनीच गळ घातली, ‘‘चला, नातवाला मैत्रीबागेतला पांढरा वाघ दाखवू.’’ भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली भिलाईत उभी राहिलेली ही बाग आणि तिथलं प्राणिसंग्रहालय. इथल्या मुलांची पहिली सहल बहुधा तिथंच होते. सासऱ्यांनी आपल्या दोन्ही मुलांना तिथं खांद्यावर बसवून फिरवलं होतं.

त्या दिवशी नेमकं सगळं चुकलं. दुपारची झोप अर्ध्या तासात मोडलेली. तशात पाहुणे आले, निघायला चार वाजले. बागेत रविवारची गर्दी. पिंजऱ्यासमोर पोहोचेपर्यंत बाळानं कमान टाकून जो सूर लावला, तो काही केल्या थांबेना. वीस मिनिटांत सगळे परत गाडीत. वाटेत नवरा चिडून म्हणाला, ‘‘इतकं जपून ठेवलंस, म्हणून त्याला एवढंही सोसत नाही.’’ ती म्हणाली, ‘‘झोपमोड झालेलं बाळ तुम्ही गर्दीत नेलंत आणि दोष माझा?’’ सासरे खिडकीबाहेर बघत राहिले. त्या रात्री बाळ चारदा उठलं. सकाळी तिनं जाहीर करून टाकलं, ‘‘वर्षाचा होईपर्यंत आता कुठंही जायचं नाही.’’

दोघांचंही काही अंशी खरं होतं. अशा भांडणात हीच अडचण असते.

डबीतली फुलं

नागपूरला, थोरल्या काकांकडे, बाळाची पणजी होती. सासऱ्यांची आई. वय वर्षं एकोणनव्वद. सगळे तिला माई म्हणत. आपल्याकडे पणतवंड झालं की पणजी-पणजोबांवर सोन्याची फुलं उधळतात. चिमुकली, अगदी गुंजभर सोन्याची. पण त्या फुलांचा मान मोठा. चार पिढ्या एका खोलीत जमल्याचा तो आनंद असतो. माईंनी बारशाची बातमी कळताच सोनाराकडून फुलं घडवून आणवली होती आणि उशाशी एका डबीत ठेवली होती.

दिवाळीत नागपूरला जायचं ठरलं, पण ‘रात्रीची झोप नुकती बसली आहे’ म्हणून बेत रद्द झाला. मग डिसेंबरात म्हणता म्हणता तोही महिना टळला. मार्गशीर्षात माई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण अंथरूण धरलं. फोनवर त्यांचा आवाज एकदम बारीक झालेला. नातसुनेला त्या म्हणाल्या, ‘‘तू घाबरू नकोस हो. बाळाची आबाळ करून येऊ नका. फुलं काय, डबीत आहेत. सवडीनं या.’’

एक शब्दही तक्रारीचा नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फ्रीजवरच्या त्या लाल रेघेकडे बघत उभी राहिली.

सासूबाईंचे क्वार्टरमधले दिवस

त्या रात्री भांडी आवरताना तिनं सासूबाईंना विचारलं, ‘‘आई, तुम्ही दोन मुलं वाढवलीत. तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?’’

सासूबाई हसल्या. ‘‘झोपेचं मला नको सांगू, बेटा. मी शिफ्टवाल्याची बायको.’’

भिलाईत हे वाक्य पुरेसं आहे. कारखान्याची भट्टी थांबत नाही, त्यामुळे तीन पाळ्या : सकाळी सहा ते दोन, दुपारी दोन ते रात्री दहा आणि रात्री दहा ते सकाळी सहा. सासऱ्यांची पाळी सतत बदलायची. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपणार, आणि त्याच वेळी दोन लहान मुलं, दूधवाला, भाजीवाला, शेजारपाजार. क्वार्टर दोन खोल्यांचं.

‘‘भट्टीवर काम. झोप नीट झाली नाही तर जिवाशी गाठ,’’ सासूबाई सांगत होत्या. ‘‘पण यांच्या झोपेची एक वेळ कधी ठरलीच नाही, तर मी तक्ता कशाचा करणार? मी एवढंच केलं, वेळ बदलली तरी रीत बदलली नाही. आले की गरम पाणी. मग ताजा वरणभात, थोडाच. खिडकीला ती जाडी निळी चादर. अंगावर तीच जुनी गोधडी. दिवस असो की रात्र, इतकं झालं की यांचे डोळे मिटायचे. सासरी नागपूरला गेलो तरी निळी चादर आणि गोधडी ट्रंकेत असायची. घर शांत ठेवलं मी, पण बंद नाही ठेवलं. मुलांना घेऊन मी बाहेर जायची. बाजारात, मैत्रीबागेत, शेजारी. यांची झोप सांभाळली म्हणून मुलांचं बालपण दारात अडवून नाही ठेवलं.’’

थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, ‘‘आणि चूक तुझी एकटीची नाही. आम्हीही झोपेतून उठवून बाळ लोकांना दाखवलंच की! म्हणून तर तुला दार लावून घ्यावं लागलं.’’

शास्त्र काय म्हणतं?

सासूबाईंनी अनुभवातून जे ओळखलं, त्याला शास्त्राचाही आधार आहे. जन्मानंतर पहिले दोन-तीन महिने बाळाच्या शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ नीट चालू झालेलं नसतं. पुढे उजेड-अंधार, भूक आणि घरातली रोजची हालचाल यांवरून ते हळूहळू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप हवी, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. या दोन आकड्यांमधलं अंतरच सांगतं, की सगळी बाळं एका मापाची नसतात.

झोपायची वेळही जगभर एक नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सतरा देश-प्रदेशांतल्या २९,२८७ लहान मुलांच्या झोपेची माहिती जमवली होती. त्यात भारतही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी संध्याकाळी ७.२८ ला झोपत होती, तर हाँगकाँगची रात्री १०.१७ ला. म्हणजे साडेसात ही काही दगडावरची रेघ नाही. मात्र दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी : ज्या आशियाई भागांत मुलं उशिरा झोपत होती, तिथं त्यांची एकूण झोपही कमी भरत होती. तेव्हा ‘आपल्याकडची मुलं झोपतात कधीही’ असं म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही.

२००९ साली अमेरिकेत ४०५ आया आणि त्यांच्या लहान मुलांवर झालेला एक अभ्यास तर थेट सासूबाईंच्या बोलण्याशी जुळतो. रोज रात्री आंघोळ, मग मालिश, मग अंगाईसारखं काही शांत, आणि आंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद, असा ठरलेला क्रम ज्यांनी पाळला, त्यांची मुलं लवकर झोपू लागली आणि रात्री कमी वेळा उठू लागली. आयांची मनःस्थितीही सुधारली. बाळाला घड्याळ वाचता येत नाही. ‘आता हे झालं, मग ते होणार आणि नंतर झोप’ एवढं मात्र त्याला कळतं. आणि हा क्रम पिशवीत घालून कुठंही नेता येतो.

नागपूरची तयारी

संक्रांतीनंतरच्या रविवारी नागपूरला सोन्याची फुलं आणि बाळाचं बोरन्हाण, दोन्ही एकत्र करायचं ठरलं. या वेळी तयारी सगळ्यांनी मिळून केली.

सासऱ्यांनी थोरल्या भावाला फोन करून सांगितलं, ‘‘कार्यक्रम संध्याकाळी नको, सकाळी अकराला ठेवा. पहिली झोप झाली की बाळ हसरं असतं.’’ काकूंनी मागची एक खोली रिकामी करून दिली. नवऱ्यानं शनिवारी सकाळच्या गाडीची तिकिटं काढली, बाळाची नऊची झोप गाडीतच व्हावी अशा बेतानं. दुर्ग ते नागपूर सुमारे २६५ किलोमीटर, म्हणजे साधारण चार तास. स्टेशनपर्यंत स्कूटरवर पटकन सोडतो, असं तो म्हणाला, तेव्हा मात्र तिनं ठाम नकार दिला आणि ते योग्यच होतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेग असा नियम आहे. पेंगणारं बाळ स्कूटरवर नेणं धोक्याचंच.

पिशवीत तिनं काय घेतलं? रोजचीच पाळण्यातली चादर, न धुतलेली, घरचा वास असलेली. खिडकीला लावायला गडद कापड आणि चार चिमटे. अंग पुसायचा तोच मऊ टॉवेल. तेलाची बाटली. ज्यातून रोज दूध देते ती वाटी आणि चमचा. आणि तक्त्याची नक्कल. पण या वेळी तिच्यात वेळा लिहिलेल्या नव्हत्या, फक्त क्रम.

शेजारच्या एका बाईंनी सल्ला दिला होता, ‘‘सर्दीचं औषध थोडं पाज, गाडीत गपगार झोपेल.’’ हा सल्ला अजूनही अनेक घरांत दिला जातो. कुणीही तो ऐकू नये. डॉक्टरांनी आजारासाठी दिलेलं नसेल, तर बाळाला गुंगी आणणारं कोणतंही औषध जिवावर बेतू शकतं. प्रवासात बाळ मांडीवर किंवा झोळीत झोपलं, तर त्याचं नाक-तोंड मोकळं आहे ना, मान छातीवर दुमडली नाही ना, हे सारखं पाहावं. मुक्कामी पोहोचल्यावर त्याला सपाट, घट्ट गादीवर उताणं, उशीशिवाय निजवावं.

गाडी राजनांदगाव सोडून पुढे निघाली आणि बाळ जांभया देऊ लागलं. तिनं चादर पसरली, अंग पुसलं, दूध पाजलं आणि हळू आवाजात नेहमीची अंगाई म्हटली. समोरच्या बाकावरचे प्रवासी आपोआप हळू बोलू लागले. डोंगरगढ येईतो बाळ गाढ झोपलं होतं. दरेकसाच्या बोगद्यात गाडीचा आवाज घुमला, तेव्हा तिनंच दचकून बाळाकडे पाहिलं. ते हललंसुद्धा नाही. गोंदियाला चहावाल्यांच्या गलक्यात ते उठलं आणि चक्क हसलं.

अकरा वाजता

रविवारी सकाळी नऊला बाळ मागच्या खोलीत झोपलं. माणसं जमू लागली होती. कुणी तरी दार ढकलून ‘‘बघू तरी’’ म्हणत आत जाऊ लागलं, तशा सासूबाई दारात उभ्या राहिल्या. ‘‘बाळ झोपलं आहे. उठलं की तुमच्याच मांडीवर देते.’’ सून आतून ते ऐकत होती. इतके दिवस हे दार ती एकटीच सांभाळत होती.

अकराला काळ्या झबल्यात, हलव्याचे दागिने घातलेलं बाळ बाहेर आलं. बोरन्हाणाला बोरं आणि उसाचे तुकडे ताटातच ठेवले, डोक्यावरून फक्त चुरमुरे ओतले, म्हणजे काही घशात अडकायला नको. माईंना उशांना टेकवून बसवलं होतं. सासऱ्यांनी बाळाची मूठ आपल्या हातात धरली आणि डबीतली फुलं आईच्या पांढऱ्या केसांवर उधळली. एक फूल बाळाच्या मुठीतच राहिलं. ते सोडवून घेताना माई हसल्या, ‘‘राहू दे. त्याचंच आहे ते.’’

त्या दिवशी दुपारची झोप काही मागच्या खोलीत झाली नाही. ती माईंच्या शेजारी, त्यांच्याच पलंगावर झाली. सून पलंगाशी बसून होती, पण तिनं घड्याळ पाहिलं नाही.

सगळंच सुरळीत झालं, असं मात्र नाही. रविवारी रात्री परक्या घरात बाळ तीनदा उठलं. सुपेल्याला परतल्यावरही दोन रात्री किरकिर झाली. तिसऱ्या दिवशी, तोच क्रम आणि तोच अंधार मिळाल्यावर, गाडी रुळावर आली. ओळीनं आठ दिवस फिरणं झालं असतं तर कदाचित आली नसती. म्हणून आता या घरात साधा हिशेब आहे : आठवड्यातले पाच-सहा दिवस घरची वेळ सांभाळायची, एखादा दिवस सैल सोडायचा. दिवसातली एखादी डुलकी बाहेर झाली तरी चालेल, पण दोन्ही झोपा मोडायच्या नाहीत. बाळ डोळे चोळू लागलं, कान ओढू लागलं की निघायचं, मग समोर पांढरा वाघ असो की यजमानांचा आग्रह. आणि बाळ झोपत नाही, नीट वाढत नाही, झोपेत घोरतं किंवा श्वास अडकल्यासारखा वाटतो, असं असेल तर तक्ते करत बसण्याऐवजी डॉक्टरांकडे जायचं.

फेब्रुवारीत सगळे पुन्हा मैत्रीबागेत गेले, या वेळी सकाळची झोप झाल्यावर. पांढरा वाघ झोपला होता. सासरे नातवाच्या कानात म्हणाले, ‘‘हळू बोल हं, त्याची झोपायची वेळ आहे.’’ सून सगळ्यांआधी हसली.

चैत्रात, बाळाचा पहिला वाढदिवस होऊन आठच दिवस झाले होते, तेव्हा नागपूरहून माई गेल्याचा फोन आला.

सुपेल्यातल्या त्या घरात फ्रीजवर आज तक्ता आहे, पण लाल रेघ नाही. त्याच्या शेजारी एक फोटो चिकटवलेला आहे. पांढऱ्या केसांत सोन्याची चार फुलं आणि पाचवं एका मिटलेल्या चिमुकल्या मुठीत.